सुलट, उलट आणि साप
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘घरसंसारातले चार शब्द बोला’ असे सांगितले. विषय सोपा, म्हणून मी होकार दिला. परंतु गेल्या हिवाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टी अशा घडल्या, की माझ्या भाषणात साप शिरला. त्याला माझा इलाज नाही!

पहिली गोष्ट मँचेस्टरहून आली. थोरल्या लेकीचा दर रविवारी फोन येतो. धाकट्या सुनेचे डोहाळजेवण, पुतण्याची नोकरी, वन्संचे गुडघे, अशी सारी खबरबात झाली, की नातू बोलतो. त्या दिवशी तो म्हणाला, “आजी, मी साप पाळलाय. त्याला थंडीचा एक स्वेटर विणशील?” साप मूळचा अमेरिकेकडचा, बिनविषारी. त्याला कॉर्न स्नेक म्हणतात. काचेची पेटी, तिला ऊब देणारी पट्टी आणि आठवड्याला एक उंदीर, एवढा त्याचा संसार. मी नातवाला समजावले, “बाळा, स्वेटर स्वतः ऊब देत नाही. आपल्या अंगातली ऊब तो धरून ठेवतो. सापाचे अंग अशी ऊब तयारच करीत नाही. तो ती उन्हाकडून नाहीतर तापलेल्या दगडाकडून उसनी घेतो. त्याला स्वेटर घालून काय उपयोग?” शेवटी नातवालाच काळ्या लोकरीचा, पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर विणून द्यायचे ठरले.

तो मफलर सुयांवर असतानाच दुसरी गोष्ट घडली. परसातल्या सरपणात काळपट अंगाचा, पांढऱ्या पट्ट्यांचा साप निघाला. “मण्यार, मण्यार!” म्हणत शेजारपाजारचे काठ्या घेऊन धावले. सुनेने सर्वांना थोपवून धरले आणि सर्पमित्राला बोलावले. त्याने दुरूनच पाहून सांगितले, “हा कवड्या आहे, बिनविषारी. याचे पट्टे मानेपाशी ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीचे नेमके उलट. तिचे पट्टे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक.” जन्मभर सुलट-उलट टाके मोजलेल्या बाईला हे लगेच उमगले. नक्षी तीच, फक्त तिची सुरुवात कोणत्या टोकाने होते ते पाहायचे.

भगिनींनो, मला सांगायचे ते एवढेच, की ही नजर आपल्यापाशी आहे. नागाचा फणा, घोणशीच्या पाठीवरची साखळीसारख्या ठिपक्यांची नक्षी आणि कुकरच्या शिटीसारखा तिचा फुत्कार, फुरशाच्या डोक्यावरची बाणासारखी खूण, हे सारे एखाद्या वेलबुट्टीसारखे ध्यानात ठेवता येते. मात्र ओळख दुरूनच करायची. ओळखला म्हणून हात लावायचा नाही, आणि ओळख पटली नाही तर तो विषारीच आहे असे धरून चालायचे.

नातवासारखी हौस इथल्या मुलांना वाटली तर काय? १९७२ च्या वन्यजीव कायद्याने नाग, घोणस, धामण यांसारखे आपले साप पकडणे, पाळणे किंवा मारणे हा गुन्हा आहे. ज्यांना सापांची आवड आहे त्यांनी कात्रजला जावे. पुण्याच्या नीलिमकुमार खैरे यांनी १९८० साली ७२ सापांबरोबर, त्यांत बहुतेक विषारी, एका काचेच्या खोलीत ७२ तास काढले. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचे होते. पुढे १९८६ साली कात्रजचे सर्पोद्यान त्यांच्याच धडपडीतून उभे राहिले.

पण मण्यारीच्या बाबतीत मला हसून बोलता येत नाही. ती रात्री हिंडते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला अंथरुणातच चावते. दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही. माझी धाकटी आत्या अशीच गेली. पहाटे पोटात कळ आली, म्हणून घरच्यांनी ओवा दिला. पापण्या मिटू लागल्या, तेव्हा वाटले झोप येते आहे. ऊन वर येईपर्यंत तिचा श्वास थांबला. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. त्यांतली बहुतेक खेड्यांतली.

आपल्या माणमध्ये एकीकडे आयटी पार्कचे मनोरे उभे राहिले, तरी दुसरीकडे भातखाचरे आणि टेकड्या आहेतच. जमीन उकरली की उंदीर घराकडे येतात, आणि त्यांच्या मागोमाग साप. म्हणून सरपण आणि गोवऱ्या भिंतीला लागून रचू नयेत. धान्य झाकून ठेवावे. पावसाळ्यात खाटेवर, मच्छरदाणी नीट खोचून निजावे. रात्री बाहेर पडताना विजेरी घ्यावी. दंश झालाच तर जखम कापू नये, चोखू नये, दोरी आवळू नये आणि मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. माणसाला हलू न देता, १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. या विषावर प्रतिविषाची लस हाच उपाय. घोड्यांच्या रक्तापासून ती तयार करणाऱ्या हाफकिनचे केंद्र आपल्या जवळच पिंपरीला आहे.

माझी मंडळाला एकच विनंती आहे. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही लस रात्रीही मिळते, याची चिटणीसबाईंनी चौकशी करावी आणि ते नाव सर्पमित्राच्या क्रमांकासह या सभागृहाच्या भिंतीवर ठळक लिहावे. पुढच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून आपण प्रत्येकीने तोच कागद एकमेकींना द्यावा. शोभेची वाटी फडताळात राहील, हा कागद मात्र एखाद्या घरचे माणूस राखील.