अंदमानातला एक उन्हाळा

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय शोधण्याची वेळ माझ्यावर आली नाही. एप्रिल आणि मे असे दोन महिने मी अंदमानात लेकीकडे राहून आले, आणि आल्यापासून जी भेटेल ती ‘काय काय पाहिलंत?’ म्हणून विचारते आहे. पाहिले पुष्कळ. पण आज मी पाहण्यापेक्षा राहण्याविषयी बोलणार आहे. आठ दिवसांचा प्रवासी पाहतो आणि परततो. दोन महिने राहणाऱ्या बाईला तिथले पाणी भरावे लागते, बाजार करावा लागतो, शेजार जोडावा लागतो. त्यातूनच चार नव्या गोष्टी करून पाहण्याची संधी मिळते.

अंदमान-निकोबार म्हणजे एक बेट नव्हे. लहानमोठी पाचशेहून अधिक बेटे आहेत, आणि माणसांची वस्ती त्यांतल्या चाळिसांच्या आतच आहे. मुख्य गाव पोर्ट ब्लेअर; त्याचे नाव २०२४ साली बदलून श्री विजयपुरम करण्यात आले. चेन्नईहून ते सुमारे १,३५० किलोमीटर दूर आहे. विमान दोन-सव्वादोन तासांत पोचवते, बोटीला तीन दिवसांच्या आसपास लागतात. तिथली माणसे भारताच्या मुख्य भूमीला ‘मेनलँड’ म्हणतात. आपण ‘मुंबईहून माल आला’ म्हणतो, तसे ती ‘मेनलँडहून माल आला’ म्हणतात.

पहिला धडा मिळाला तो घड्याळाचा. घड्याळ सगळ्या देशाचे एकच, पण सूर्य काही घड्याळ पाहून उगवत नाही. मे महिन्यात आपल्या मालवणात सूर्य सहाला उगवतो आणि सातला मावळतो. तिथे पाचलाच उगवतो आणि साडेपाचच्या सुमारास बुडतो. चहाची कपबशी विसळून ठेवावी तो अंधार! पहिले चार दिवस मला दिवस हरवल्यासारखे वाटले. मग शेजारणींप्रमाणे साडेचारला उठू लागले, आणि सगळी कामे उरकून सकाळचे आठ वाजतात म्हणजे काय, याची मौज कळली.

दुसरा धडा पाण्याचा. चहूकडे समुद्र, आणि पिण्याच्या पाण्याची चणचण! पाऊस तिथे आपल्याइतकाच, साधारण तीन हजार मिलिमीटर पडतो. पण बेटावर मोठ्या नद्या नाहीत, पडलेले पाणी उतारावरून समुद्राला मिळते. त्यामुळे एप्रिलमध्ये आमच्या नळाला पाणी एक दिवसाआड येई. तांदूळ धुतलेले पाणी झाडाला, कपड्यांचे शेवटचे पाणी अंगण धुवायला, हा हिशेब तिथली लहान मुलेसुद्धा जाणतात. पावसाळी वारे अंदमानात केरळच्याही आधी, मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पोचतात. पहिली सर आली त्या दिवशी आमच्या चाळीतली प्रत्येक बाई पावळीखाली पिंप, घागर, हाताला लागेल ते भांडे लावून उभी होती. मीही माझी बादली घेऊन रांगेत होते. भगिनींनो, आपल्या कौलांवरून दर पावसाळ्यात किती पाणी वाहून जाते, ते जरा आठवा!

तिसरा धडा बाजाराचा. कांदे-बटाटे, डाळी, पीठ, सारे बोटीने येते. हवा बिघडली, बोट अडली, की भाव चढलाच. म्हणून तिथली गृहिणी आधी बाजारात काय आहे ते पाहते आणि मग स्वयंपाक ठरवते. केळफूल, कच्ची पपई, अळू, शेवगा आणि ताजा मासा यांवर घर चालते. नारळ तर आहेच. तिथे रुंद, काटेरी कडेच्या पानांची एक कोथिंबीर मिळते, तिला बर्मी धनिया म्हणतात. आपल्या कोथिंबिरीहून वास उग्र, पण माशाच्या कालवणात फार छान लागते. शेजारच्या बंगाली बाईंनी मला मोहरी वाटून केलेले मासे शिकवले, मी त्यांना आपली सोलकढी शिकवली. आमसुले मी इथूनच नेली होती, हे सांगायला नकोच.

या शेजारीणबाईंना सगळी आळी ‘मासीमा’ म्हणते. मासीमा म्हणजे मावशी. पूर्व बंगालमधून निर्वासित झालेल्या कुटुंबांना स्वातंत्र्यानंतर सरकारने अंदमानात जमिनी दिल्या, त्यांपैकी एका घरातल्या या. आमच्या आळीत तामिळ होते, तेलुगू होते, केरळी होते, रांचीकडचे होते. आणि ज्यांचे पूर्वज काळ्या पाण्याच्या शिक्षेवर आले तेही होते. सगळे एकमेकांशी हिंदीत बोलत. माझी हिंदी ऐकून मासीमा हसत, त्यांची हिंदी ऐकून मी हसे. पण काम कुणाचेच अडले नाही.

काळ्या पाण्याचा उल्लेख आला, तेव्हा सेल्युलर जेलविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. १९०६ साली बांधून पुऱ्या झालेल्या या तुरुंगाला सात पाखे होते. आज तीनच उभे आहेत. १९७९ साली ते राष्ट्रीय स्मारक झाले. बाबाराव आणि तात्याराव हे सावरकर बंधू इथे होते. तात्यारावांना १९११ साली आणले आणि १९२१ साली परत नेले, ही हकीकत आपल्याला ठाऊक असते. पण तिथे कैद्यांना कामे कोणती होती, ती पाहिल्यावर माझ्यासारख्या कोकणातल्या बाईच्या पोटात कालवते. कोलू फिरवून खोबरेल काढणे आणि सोडणे कुटून काथ्या काढणे! आपण ‘काथ्याकूट’ हा शब्द निरर्थक वादाला किती सहज वापरतो. तिथे काथ्या कुटता कुटता माणसांचे हात फुटले.

आता माझ्या मुख्य विषयाकडे येते. मासीमांच्या भावाचे घर शहीद द्वीपावर आहे. या बेटाचे जुने नाव नील. २०१८ साली ते बदलले. श्री विजयपुरमहून सरकारी बोटीने सुमारे दोन तासांची वाट. बेट चिमुकले, भाजीपाल्याच्या मळ्यांचे. आणि तिथल्या किनाऱ्यांची नावे पाहा कशी: भरतपूर, लक्ष्मणपूर, सीतापूर! तिथे आम्ही पंधरा दिवस राहिलो. पहिल्याच सकाळी मासीमा पदर खोचून भरतपूरच्या उथळ पाण्यात उतरल्या आणि सरळ पोहू लागल्या. बंगालमध्ये घरोघर तळे, त्यामुळे त्यांच्या घरच्या मुली चालायला लागल्या की पोहायलाही शिकत. मला म्हणाल्या, “दीदी, समुद्राकाठी जन्मलात ना? मग या!”

मी समुद्राकाठी जन्मले हे खरे. पण तुम्हीच सांगा, आपल्यापैकी किती जणींना पोहता येते? आपले भाऊ जेटीवरून उड्या मारत होते, तेव्हा आपल्याला दिवेलागणीच्या आत घरात बोलावले जाई. दर्याने आपल्याला मासळी दिली, नारळी पौर्णिमेला आपण त्याला नारळ दिला. पण त्याच्या पाण्यात घोट्यापलीकडे आपण कधी उतरलो नाही. सत्तावन्नाव्या वर्षी मी सलवार-कमीज घालून कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिले, तेव्हा पाय लटपटत होते. पहिले दोन दिवस मासीमांनी मला एवढेच शिकवले, की अंग सैल सोडायचे, तोंड पाण्यात घालून श्वास सोडायचा, तोंड वर करून घ्यायचा. तिसऱ्या दिवशी पाण्याने मला आपणहून उचलले. दहाव्या दिवशी मी पंधरा-वीस हात पोहले. फार नव्हे, पण माझ्या पायांखाली जमीन नव्हती आणि मला भीती वाटत नव्हती, एवढे पुरे होते.

मग तिथल्या प्रशिक्षित मुलाने डोळ्यांवर काचेचा मुखवटा लावून आणि तोंडात नळी देऊन मला पोवळ्यांची बाग दाखवली. पोवळे म्हणजे दगडही नव्हे आणि झाडही नव्हे. ते बारीक बारीक जीवांनी बांधलेले घर आहे. त्या जीवांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि पोवळ्याला रंग देते. कुठे मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे पोवळे, कुठे सांबरशिंगासारखे. पोपटासारख्या चोचीचे हिरवे-निळे मासे त्यांना कुरतडतात. पोटात गेलेले पोवळे पिठासारखे होऊन बाहेर पडते, आणि त्या किनाऱ्यांवरची पांढरी शुभ्र वाळू बरीचशी अशीच तयार होते.

पण काही ठिकाणी पोवळी पांढरी फटक दिसली. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तरी पोवळी आपल्या अंगातले शैवाल टाकून देतात. फार दिवस तसे राहिले तर उपाशी मरतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असे घडले. म्हणून तिथे फार जपतात. वांडूरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत. पोवळ्याचा तुकडा उचलून आणायला कायद्याने बंदी आहे. म्हणून ‘आम्हाला काय आणलंत?’ या प्रश्नाला माझे उत्तर रिकामे हात, एवढेच आहे.

नवे पाहण्याची हौस असावी, पण तिला कुंपणही असावे, हेही मी तिथे शिकले. जारवा आणि सेंटिनेली हे आदिवासी तिथे हजारो वर्षांपासून राहतात. १९५६ सालच्या नियमांनुसार त्यांच्या भागात बाहेरच्यांना मज्जाव आहे, आणि त्यांची छायाचित्रे काढणे हा गुन्हा आहे. बाहेरून गेलेला साधा गोवरसुद्धा त्यांचा घात करू शकतो. कुणाच्या अंगणात शिरू नये, एवढे तर आपल्या आयांनी आपल्याला शिकवलेच आहे.

पोहणे ही केवळ हौस नव्हे, हे मला मासीमांनीच समजावले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत अंदमान-निकोबारात हजारो माणसे गेली. दक्षिण अंदमानातली काही जमीनच खचली. शहराजवळ सिप्पीघाट येथे जिथे शेती होती, तिथे खारे पाणी शिरले ते शिरलेच. त्या लाटेविषयी ऑक्सफॅम संस्थेने २००५ साली एक अहवाल काढला होता. इंडोनेशिया, श्रीलंका आणि आपला तामिळनाडू, या तिन्ही ठिकाणी पाहणी झालेल्या पुष्कळ गावांत पुरुषांपेक्षा बायकाच अधिक दगावल्या; कडलूर जिल्ह्यात तर जवळजवळ तिप्पट. कारणे काय? बायका मुलांना शोधत, त्यांना कवटाळून मागे राहिल्या; आणि पोहणे, झाडावर चढणे हे मुलग्यांना शिकवले जाई, मुलींना नाही. भगिनींनो, हे ऐकून मी त्या रात्री झोपले नाही. कडलूरही समुद्राकाठी आहे आणि मालवणही. मे २०२१ मधले तौक्ते वादळ आपल्यापैकी कुणी विसरलेले नाही.

म्हणून मंडळापुढे माझ्या दोन नम्र सूचना आहेत. पहिली अशी, की दिवाळीनंतर दर्या निवळला म्हणजे मंडळाने बायका-मुलींसाठी पोहण्याचा वर्ग सुरू करावा. शिकवणारी बाई प्रशिक्षित असावी, अंगावर तरंगते जाकीट असावे, आणि अंगभर कपड्यांत शिकता यावे. वयाची अट नसावी. नाव नोंदवायला कुणी संकोचू नये, म्हणून पहिले नाव मी माझ्या नातीचे आणि दुसरे माझे देते.

दुसरी सूचना. १६६४ साली ज्याचे बांधकाम सुरू झाले, त्या आपल्या सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यातही पोवळी आहेत. १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. ती पाहायला पुण्या-मुंबईची माणसे पैसे खर्चून येतात, आपलीच मुले त्यांना होडीतून नेऊन दाखवतात. आणि ज्या घरातून त्या मुलांचा डबा जातो, त्या घरातल्या बाईने ती पाहिलेली नाहीत. तेव्हा या वर्षी मंडळाची सहल लांब कुठे न नेता तिथेच न्यावी. जिला पोहता येत नाही तिने जाकीट घालून, होडीची कड धरून नुसते तोंड पाण्यात घालावे, तेवढ्यानेही दिसते.

अंदमानला प्रत्येकीला जाता येईल असे नाही. तिकीट महाग आहे आणि घर सोडून दोन महिने निघणे त्याहून अवघड. पण तिथे मी जे नवे केले, त्यातले पुष्कळसे इथेच करता येण्यासारखे आहे. पावळीखाली पिंप लावता येते, शेजारणीचे कालवण शिकता येते, आणि दाराशी असलेल्या समुद्रात उतरता येते. वर्गासाठी नावे नोंदवायची वही आज कार्यक्रम संपल्यावर चिटणीसबाईंच्या टेबलावर ठेवलेली आहे. चहाला जाण्यापूर्वी तिच्यापाशी थांबावे, अशी विनंती करते आणि आपली रजा घेते.