व्यायामानंतर फ्लेवर्ड मिल्क: कोणी प्यावं, किती प्यावं?

चालताय, धावताय की लोकलमध्ये दाराशी उभे आहात, जिथे असाल तिथे स्वागत. आणि हेडफोन घरी विसरून हे वाचत असाल तर तुमचंही स्वागत, हा त्याच भागाचा मजकूर आहे, फक्त माझे ‘म्हणजे’ थोडे कमी केलेत.

गेल्या महिन्याभरात सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न असा: जिमच्या खाली दुकानात फ्लेवर्ड मिल्कची थंड बाटली मिळते, व्यायामानंतर ती प्यायली तर चालते का? कोणी चॉकलेटबद्दल विचारतंय, कोणी केशर-वेलचीबद्दल. एकाने तर थेट विचारलंय, “भावा, ती प्रोटीन शेक म्हणून धरू का?”

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. सगळं दोन गोष्टींवर ठरतं. तुम्ही किती घाम गाळला, आणि पुन्हा घाम कधी गाळायचाय. बाटली तीच असते, पण एकाच्या ती खरंच कामाला येते आणि दुसऱ्यासाठी ते नुसतं गोड दूध असतं. मी डाएटिशियन नाही, कोड लिहून पोट भरतो. पण आकडे वाचायची सवय आहे, तर चला, आकडेच बघू.

दमछाक होईपर्यंत व्यायाम केला की तीन गोष्टी होतात. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा, म्हणजे साठवलेली साखर, कमी होतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं. आणि स्नायूंच्या दुरुस्तीसाठी प्रोटीन लागतं. आता दूध बघा. साधारण ८७ टक्के पाणी, १०० मिलीमागे सव्वातीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, साडेचार-पाच ग्रॅम लॅक्टोज ही दुधाची स्वतःची साखर, शिवाय सोडियम आणि पोटॅशियम. म्हणजे तिन्ही कामं थोडी थोडी होतात. वरून साखर घातली की ग्लायकोजेनचं काम अजून जोरात होतं. पाण्याच्या बाबतीत तर २०१६ साली ब्रिटनमध्ये ७२ पुरुषांना १३ वेगवेगळी पेयं देऊन बघितलं होतं, शरीरात कुठलं जास्त वेळ टिकतं ते. दूध ओआरएसच्या पंगतीत बसलं, साधं पाणी मागे राहिलं.

मग हे चॉकलेट मिल्कचं खूळ आलं कुठून? २००६ साली अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात एक प्रयोग झाला. सराव असलेल्या सायकलस्वारांना आधी पार थकवलं, मग चार तास विश्रांती, आणि मग पुन्हा दम संपेपर्यंत सायकल. मधल्या विश्रांतीत कधी चॉकलेट मिल्क दिलं, कधी नेहमीचं स्पोर्ट्स ड्रिंक, कधी खास रिकव्हरीसाठी विकलं जाणारं महागडं पेय. चॉकलेट मिल्क स्पोर्ट्स ड्रिंकच्या बरोबरीने चाललं आणि त्या महागड्या पेयापेक्षा बरंच पुढे गेलं. बातमी जगभर झाली.

बातमीत न आलेलं मी सांगतो. सायकलस्वार होते फक्त नऊ. प्रयोगाला दूध व्यवसायातल्या संस्थेचंही पाठबळ होतं. आणि त्यांनी दूध प्यायलं ते सुमारे अर्धा लिटर, दोन तासांनी पुन्हा तेवढंच. आपली बाटली २०० मिलीची! पुढे अशा डझनभर प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला, त्यातही सूर असाच की चॉकलेट मिल्क इतर पेयांइतकं किंवा कधी थोडं जास्त उपयोगी, पण पुरावा फार भक्कम नाही.

दुधाच्या नावावर वाटेल ते खपवायचा प्रकारही झालाय. २०१५च्या डिसेंबरात मेरीलँड विद्यापीठाने पत्रक काढलं की अमुक एका कंपनीचं चॉकलेट मिल्क फुटबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलांना डोक्याला मार लागल्यावरही फायद्याचं ठरतं. अभ्यास कुठे छापून आलेला नव्हता, तज्ज्ञांनी तपासलेला नव्हता. बोंब झाली, चौकशी बसली, आणि विद्यापीठाने दूध कंपन्यांशी संबंधित पैसे परत केले. त्यामुळे ‘सायंटिफिकली प्रूव्हन’ असं बाटलीवर दिसलं की मी आधी मागची बारीक अक्षरं वाचतो.

तीच आता वाचू. बऱ्याच बाटल्यांवर २०० मिलीला एकूण साखर २० ते २५ ग्रॅमच्या घरात दिसते. त्यातली नऊ-दहा ग्रॅम दुधाची स्वतःची. उरलेली वरून घातलेली, म्हणजे तीनेक चमचे. लेबलवर ‘ॲडेड शुगर’ अशी वेगळी ओळ असते, तीच बघायची. डब्ल्यूएचओ म्हणतं की अशी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. आपला सकाळ-संध्याकाळचा चहा धरला तर संपलाच की कोटा. आणि प्रोटीन? सहा-सात ग्रॅम. वजनं उचलल्यावर साधारण २० ग्रॅम घ्यावं म्हणतात, त्याचा तिसरा हिस्सा. तर शेक म्हणून धरू का विचारणाऱ्या भावा, नको धरू.

आणि जे अर्धा तास गप्पा मारत चालून येतात त्यांनी मनाला लावून घेऊ नका, पण ६५ किलोच्या माणसाचं तीन किलोमीटर चालणं म्हणजे दीडशे कॅलरीच्या आसपास. बाटलीत त्याहून जास्त आहेत. माझ्यासारखा माणूस, संध्याकाळी पाऊण तास जिम आणि पुढचा व्यायाम डायरेक्ट उद्या, त्याच्यासाठी घरचं जेवण पुरतं. चोवीस तासांत वरण-भात-पोळीने साठा आपोआप भरतो. घाई फक्त त्याला, ज्याला काही तासांनी पुन्हा मैदानात उतरायचंय.

असा एक जण माझ्या घरातच आहे. माझा मावसभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे १६०० मीटर, संध्याकाळी १०० मीटर आणि गोळा, मध्ये अभ्यास. दिवाळीत त्याचा फोन आला, “दादा, सर म्हणतात पावडरशिवाय ग्राउंड निघत नाही. तीन हजार पाठवतोस का?” पावडर सरच विकतात, हे वेगळं सांगायला नको.

मी विचारलं, सकाळचं ग्राउंड झाल्यावर काय खातोस? म्हणाला, चहा-बिस्किट. आणि दारात दोन गाई! काका पहाटे धार काढतात, चहापुरतं ठेवून सगळं दूध डेअरीला जातं. मावशीचं म्हणणंही खरंच होतं, “दहा दिवसांनी बिल येतं, त्यातूनच पेंड आणायची. घरात ठेवून कसं भागेल?”

मग हिशोब मांडला. तीन हजारांच्या किलोभर पावडरीत प्रोटीन साधारण सातशे-साडेसातशे ग्रॅम. रोज एक लिटर दूध महिनाभर प्यायलं तर नऊशे-साडेनऊशे ग्रॅम, वर दुधाची साखर, कॅल्शियम, पाणी. डेअरी लिटरला तीसेक रुपये देते, म्हणजे महिन्याचे नऊशे. आयसीएमआर आणि एनआयएनच्या २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनाही शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असंच सांगतात. तीन हजार मी पाठवले नाहीत. महिन्याला नऊशे मावशीच्या खात्यात जातात, आणि एक लिटर घरात राहतं, ही बोली. सकाळच्या ग्राउंडनंतर अर्धा लिटर तापवून गार केलेलं दूध, त्यात थोडा गूळ किंवा दोन केळी, आणि चिमूटभर वेलची. फ्लेवर्ड मिल्कच की ते! संध्याकाळी उरलेलं अर्धा लिटर, मूठभर फुटाण्यांसोबत. सरांना हे फारसं आवडलेलं नाही.

यात नवीन काहीच नाही हो. कोल्हापूरच्या तालमींमध्ये जोर-बैठका झाल्या की बदाम, खसखस, बडीशेप घोटून केलेली थंडाई दुधातून घेतात, तीही पिढ्यानपिढ्या. फक्त ती पिणारा पैलवान आधी शेकड्यांनी बैठका मारून आलेला असतो, हे आपण सोयीस्कर विसरतो. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गर्दी असते, मौज आहे, पण रोजचं दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात.

बाटलीबंदचं एक मात्र मानायला हवं. निर्जंतुक केलेली बाटली फ्रिजशिवाय बॅगेत राहते. मॅरेथॉन, ट्रेक, दिवसभराची टूर्नामेंट, दोन मॅचमध्ये तीन तास आणि आसपास फक्त वडापाव, तिथे खुशाल प्या. एकाऐवजी दोन प्या. डायबेटिस असेल तर हा सल्ला तुमच्यासाठी नाही, डॉक्टरांना विचारा.

आणि दूध प्यायलं की पोट गुडगुडतं, गॅस होतो, पळावं लागतं, असं असेल तर लॅक्टोज पचत नाहीये. आपल्याकडे हे भरपूर जणांना असतं, लाजायचं कारण नाही. दही बऱ्याच जणांना चालतं. ताकात मीठ घाला, सोबत केळं खा, काम होतं. मात्र स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा काहीही ट्राय करू नका. आधी सरावाच्या दिवशी घराजवळ, बाथरूम हाकेच्या अंतरावर असताना बघा.

तुमच्या बाटलीवरची ‘ॲडेड शुगर’ किती निघाली ते फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात त्याच फोटोंवर बोलू, आणि प्री-वर्कआउट म्हणून कटिंग चहा चालतो का, हा लांबलेला प्रश्नही घेऊ. भेटू.