मैदानावाचून हॉकीचा सराव

हुबळीच्या दुर्गदबैल भागात सायंकाळी पाऊल टाकले की दुकानांची दाटी, हातगाड्या आणि मिरची-भज्यांचा घमघमाट यांतून वाट काढावी लागते. या गजबजलेल्या जागेच्या नावाचा अर्थ मात्र अगदी मोकळा आहे. कानडीत ‘बयलु’ म्हणजे उघडे मैदान. दुर्गदबैल म्हणजे किल्ल्याचे मैदान. नाव राहिले, मैदान बाजाराने व्यापले. अशा दाट वस्तीत वाढणाऱ्या मुलाने हॉकी शिकावी तरी कोठे?

या प्रश्नाला बर्फावरील हॉकी खेळणाऱ्यांनी उत्तर शोधले आहे. लडाखमध्ये तळी गोठतात ती हिवाळ्यापुरतीच. कॅनडासारख्या देशातही बर्फाचे आखाडे तास मोजून मिळतात. म्हणून तेथील मुले मोटारीच्या पडवीत, गुळगुळीत फळीवर, साध्या चेंडूनिशी काठी फिरवीत बसतात. पाय थांबले तरी मनगट थांबत नाही. त्या खेळातील चकतीचे वजन १५६ ते १७० ग्रॅम, तर मैदानी हॉकीच्या चेंडूचे १५६ ते १६३ ग्रॅम. हाताला पडणारा भार जवळजवळ सारखाच! भेद आहे तो काठीचा. बर्फावर पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. मैदानी हॉकीत केवळ सपाट बाजू. त्यामुळे चेंडू डावीकडून उजवीकडे आणताना काठी उलटावीच लागते, आणि हेच भारतीय खेळाडूंच्या कौशल्याचे मर्म ठरले.

हे मर्म घरच्या ओसरीवरही साधते. डावा हात काठीच्या टोकाशी घट्ट असावा. उजवा खाली, सैल कड्यासारखा. काठी फिरवावी ती डाव्या मनगटाने. उजव्याने तिला केवळ आधार द्यावा. प्रथम चेंडू हातभर अंतरात सावकाश इकडून तिकडे न्यावा. ठोक्यांचा आवाज एकसारखा येऊ लागला की वेग वाढवावा. पुढे दोन विटा मांडून त्यांभोवती चेंडू फिरवावा, आणि अखेरीस नजर चेंडूवरून उचलून समोरच्या भिंतीवर ठेवावी. शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी असेल तर आरंभी टेनिसचा चेंडू घ्यावा. रोज पाव तास पुरे. खंड मात्र पडू नये.

पुण्याजवळील खडकीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, १९६८ मध्ये जन्मलेला धनराज पिल्ले लहानपणी मोडक्या काठ्या आणि टाकून दिलेले चेंडू घेऊनच खेळला. पुढे तो चार ऑलिंपिक व चार विश्वचषक स्पर्धांत भारताकडून उतरला, आणि १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळविले. साधनांचे दारिद्र्य त्याच्या मनगटाला आडवे आले नाही.

तथापि येथे एक सावधगिरी हवी. ओसरी मनगट घडविते, संघ घडवीत नाही. सहकाऱ्याला चेंडू केव्हा द्यावा, मोकळी जागा कशी हेरावी, हे अकरा जणांत धावल्यावाचून कळत नाही. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली, आणि त्या वर्षी भारत सातव्या स्थानावर घसरला. मनगटातील कसब तेवढ्याने नाहीसे झाले नव्हते, पण पायांखालची भूमी बदलली होती.

म्हणून मुलाने ओसरीवर काठी फिरवीत राहावे, आणि गावाच्या वडीलधाऱ्यांनी उरलेले मैदान राखावे. दुर्गदबैलात मैदान आता केवळ नावात आहे. इतर गावांवर तशी पाळी येऊ नये, एवढी दक्षता अद्याप घेता येण्याजोगी आहे.