दाणा की काणी?



ज्वारीचे कणीस लांबून भरलेले दिसते. हातावर चोळून पाहिले की खरे कळते. कधी दाणा निघतो, तर कधी काणीची काळी पूड. माणसाच्या श्रद्धेचेही असेच आहे.

पंडिता रमाबाईंची गोष्ट ऐका. बाई मोठ्या विद्वान. 1883 साली त्यांनी इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. पण जिवाला शांती नव्हती. सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त काही मिळाला नाही. हे त्यांनी लपवले नाही. स्वतःच लिहून ठेवले. मग सारा भार त्यांनी ख्रिस्तावर टाकला.

पुढे 1896-97 साली दुष्काळ पडला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या. उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला त्यांना आसरा दिला. लातूरहून रेल्वेने पुण्याला जाताना दौंडच्या पुढे हे केडगाव लागते. तिथले मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आपणही रात्री अंथरुणावर पडताना स्वतःला विचारावे. रविवारी उपासनेला गेलो, पण सोमवारी मापात खोट केली का? मजुराचे पैसे अडकवले का? जात पाहून कुणाला पाण्याचा पेला वेगळा दिला का? संकटात भरवसा कुणावर ठेवला?

उत्तर वाईट आले तर घाबरू नका. रमाबाईंनाही आठ वर्षे लागली. काणी दिसली म्हणून कुणी शेत सोडत नाही. पुढच्या पेरणीला बियाण्याला गंधक चोळतो, आणि पुन्हा पेरतो.