आधी फाइलचं शेपूट बघा

महाराष्ट्रातून दिल्लीत आलेल्या मुलाला पहिला धक्का देतात त्या पाट्या. 'शिक्षा निदेशालय' वाचून तो घाबरून आईकडे बघतो. चौकातल्या बॅरिकेडवर 'यातायात पुलिस'. लिपी आपलीच, शब्द ओळखीचा, अर्थ मात्र हिंदीतला.

श्रोतेहो, सी आणि सी प्लस प्लस या प्रोग्रॅमिंगच्या भाषांचं असंच आहे. नवशिका फसतो तो ओळखीच्या शब्दापाशी. इयत्तेचा आकडा ठेवायला एखाद्यानं 'इंट क्लास बरोबर 11' असं लिहिलं, तर सी ते बिनतक्रार घेते. सी प्लस प्लसनं 'क्लास' हा शब्द स्वतःसाठी राखून ठेवलाय, तिथे तीच ओळ अडते. आणि मूल बिचारं राहून गेलेला सेमीकोलन शोधत बसतं!

म्हणून आधी फाइलच्या नावाचं शेपूट बघावं. डॉट सी की डॉट सीपीपी? मग कंपायलरची कमांड कोणती दिली ते बघावं, जीसीसी की जी प्लस प्लस. कारण जी प्लस प्लस डॉट सीची फाइलसुद्धा सी प्लस प्लस समजूनच वाचतो. म्हणजे पाटी मराठीची, वाचणारा हिंदी.

सी घडवली डेनिस रिची यांनी, बेल लॅब्जमध्ये, 1972च्या सुमारास. तिथेच 1979मध्ये ब्यार्न स्ट्राउस्ट्रुप यांनी तिला क्लासची जोड द्यायला घेतली. सी प्लस प्लस हे नाव 1983चं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी 'लेट अस सी' लिहिलं, ते छापलं दिल्लीच्या बीपीबीनं. सी प्लस प्लससाठी मात्र त्यांनी वेगळं पुस्तक लिहिलं. आपण दोन्ही नावं एका दमात का घेतो?

सीबीएसईच्या अकरावी-बारावीला पूर्वी सी प्लस प्लस असे, आता पायथन आहे. त्यामुळे नोएडा-गुरुग्रामच्या कित्येक मुलांना या दोघी एकदम कॉलेजातच भेटतात. त्यांना पहिल्याच दिवशी कुणीतरी सांगायला हवं, पुन्हा सांगायला हवं: शेपूट बघ, कमांड बघ.

'क्लास' या शब्दासारखंच मेमरी मागणाऱ्या मॅलॉक या फंक्शनचंही. सीत त्यानं दिलेला पत्ता इंटच्या पॉइंटरमध्ये सरळ ठेवता येतो, सी प्लस प्लस आधी कास्ट, म्हणजे प्रकार बदलून, मागते. का, ते सांगायला आज वेळ नाही.

तरी एक प्रयोग घरी कराच. एकेरी अवतरणात 'ए' हे अक्षर ठेवून त्याचा साइझऑफ प्रिंटएफनं छापावा. नेहमीच्या लॅपटॉपवर 4 आला तर सी, 1 आला तर सी प्लस प्लस.