कुठल्या पायरीवर?



दीक्षान्त समारंभात पाहुण्याने उपदेश करायचा आणि तुम्ही गाउनमध्ये घामाघूम होत तो ऐकून घ्यायचा, असा रिवाज आहे. उपदेशात माझी गती बेताचीच. रक्त कसं गोठतं हे शिकवण्यात माझी उमर गेली, तेव्हा त्याच्यावरच बोलतो.

पहिल्या वर्षी तो तक्ता तुम्ही सगळ्यांनी घोकलेला आहे. बारा, अकरा, नऊ, दहा, मग दोन आणि शेवटी एक. एका घटकाने दुसऱ्याला जागं करायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. यालाच आपण कॅस्केड म्हणतो. घटकांचे क्रमांक साधारण शोधाच्या क्रमाने पडले, कामाच्या क्रमाने नव्हे, एवढं कोणी वेळेवर सांगितलं असतं तर पुष्कळ पोरं तोंडी परीक्षेत वाचली असती. सहावा घटक कुठे गेला, असं विचारणारा विद्यार्थी मात्र क्वचितच भेटतो. ज्याला सहावा म्हटलं तो पाचव्याचंच सक्रिय रूप निघाला. त्याचा क्रमांक रद्द झाला आणि पुढचे कोणी मागे सरकवले नाहीत.

या तक्त्यातल्या बऱ्याच घरांमागे एकेक माणूस उभा आहे. १९५०च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँडमध्ये जॉन हेगमन नावाचे रेल्वेतले एक कामगार होते. शस्त्रक्रियेआधीच्या नेहमीच्या तपासणीत त्यांचं रक्त काचेच्या नळीत घेतलं, तर ते गोठायलाच तयार नाही. असा रिपोर्ट हातात आला की कुठलाही सर्जन हात मागे घेईल. पण हेगमन यांना विचारलं तर जास्त रक्त गेल्याचा इतिहास नाही. रिपोर्ट खरा आणि माणूसही धडधाकट. डॉ. ऑस्कर रॅटनॉफ यांनी ‘लॅबची चूक असेल’ म्हणून कागद बाजूला सारला नाही. जोन कोलोपी या सहकाऱ्याबरोबर त्यांनी १९५५ साली हे प्रकरण प्रसिद्ध केलं. हेगमन यांच्या रक्तात जे नव्हतं, त्याला त्यांचंच नाव मिळालं. पुढे तो बारावा घटक झाला. काचेला रक्त लागलं की जागा होणारा पहिला घटक तो हाच.

म्हणजे तक्त्याच्या अगदी वरच्या टोकाला बसलेला घटक ज्याच्याकडे नाही, त्याला रक्तस्रावाचा त्रास होत नाही! १९६८ साली हेगमन गेले ते कमरेच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर फुप्फुसात गुठळी अडकून. ज्यांचं रक्त नळीत गोठत नव्हतं, त्यांच्या शरीरात ते नको तिथे गोठलं. या एका माणसाने पाठ्यपुस्तकातल्या पहिल्याच बाणासमोर प्रश्नचिन्ह लावून ठेवलं.

१९६४ साली दोन निबंध जवळजवळ एकाच वेळी आले. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकफार्लेन यांचा ‘नेचर’मध्ये, आणि अर्ल डेव्ही व रॅटनॉफ यांचा ‘सायन्स’मध्ये. तोवर एकेकटे सापडलेले घटक त्यांनी एका ओळीत लावले. मॅकफार्लेन यांचा भर होता ध्वनिवर्धकासारख्या वाढीवर, कारण प्रत्येक पायरीवर एक रेणू पुढच्या अनेकांना जागं करतो. हे आकड्यांतही दिसतं. लिटरभर प्लाझ्मात आठवा घटक मिलिग्रॅमच्या एक-दोन दशांशाइतका. त्याच्या खाली प्रोथ्रॉम्बिन १०० मिलिग्रॅमच्या घरात आणि सगळ्यात शेवटी ज्याची जाळी विणली जाते तो फायब्रिनोजेन दोन ते चार ग्रॅम. वर चिमूटभरही नाही आणि खाली इतका साठा, म्हणूनच वरच्या पायरीवरची छोटीशी गडबड खाली येईपर्यंत माणसाच्या जिवावर उठते.

याच मॅकफार्लेन यांचा त्याच्या ३० वर्षं आधीचा एक उद्योग आपल्या मातीशी जोडलेला आहे. हिमोफिलियाच्या रुग्णाचा दात काढला की रक्त थांबायचं नाही. मॅकफार्लेन आणि लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सापांचा विभाग सांभाळणारे डॉक्टर बर्जेस बार्नेट यांनी वेगवेगळ्या सापांची विषं रक्तावर टाकून पाहिली. १९३४ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की घोणशीचं विष खूप विरळ करून जखमेवर लावलं तर हिमोफिलियातही रक्त थांबतं. का थांबतं, ते तेव्हा सांगता येत नव्हतं. आज सांगता येतं. हिमोफिलियात आठवा किंवा नववा घटक कमी असतो आणि घोणशीचं विष त्या दोघांना ओलांडून थेट दहाव्यावर आणि पाचव्यावर काम करतं. तुटलेली पायरी त्याला लागतच नाही. कोकणातलं फुरसं याच्याही खाली उतरतं. त्याच्या विषातला एक घटक सरळ प्रोथ्रॉम्बिनला हात घालतो.

आता तुमच्यापैकी ज्यांची पहिली नेमणूक बाँडवर एखाद्या ग्रामीण रुग्णालयात होणार आहे, त्यांनी इथे जरा कान द्यावा. पावसाळ्यात, भातलावणीच्या दिवसांत, रात्री उशिरा जीप येते. कोणी साप म्हणत नाही. ‘पान लागलंय’ म्हणतात, नाहीतर ‘जनावर चावलं’. पायाला सूज, हिरड्यांतून रक्त. मोठी लॅब नाही, टेक्निशियन सकाळी येणार. अशा वेळी आपल्या हातात एक चाचणी असते. शिरेतून दोन मिलिलिटर रक्त घ्या, कोरड्या, स्वच्छ, नव्या काचेच्या नळीत घाला, न हलवता २० मिनिटं ठेवा आणि मग एकदाच तिरपी करा. रक्त वाहिलं तर विषाने गोठण्याची यंत्रणा मोडली आहे, सर्पविषावरचं औषध, म्हणजे एएसव्ही, लावायला घ्या.

यातला प्रत्येक शब्द कॅस्केडमधून आलेला आहे. नळी काचेचीच का? कारण काचेच्या पृष्ठभागावर बारावा घटक जागा होतो. हेगमन यांच्याकडे नसलेला, तोच. प्लास्टिकच्या नळीत निरोगी माणसाचं रक्तही वेळेत गोठेल याची खात्री नाही. साबणाने धुतलेली काचही चालत नाही, कारण पृष्ठभाग बदलतो. स्टोअरमधून प्लास्टिकच्या नळ्यांचा खोका येतो आणि सिस्टर भाबडेपणाने तीच पुढे करतात, तेव्हा ‘काचेचीच हवी’ असं म्हणणारा डॉक्टर तिथे लागतो. शरीरात फारशा कामाचा न वाटणारा एक घटक इथे रोज रात्री रुग्णाचे प्राण वाचवायच्या कामी येतो, याचं मला अजूनही नवल वाटतं. चाचणी शंभर टक्के भरवशाची नाही, हेही सांगून ठेवतो. पहिल्यांदा गोठलेलं रक्त नंतर वाहू शकतं, म्हणून ती पुन्हापुन्हा करायची.

आणि गोठवणाऱ्या विषाने रक्त पातळ का होतं? महिनाभराचा किराणा पहिल्याच दिवशी रांधून संपवावा, तसं विष साऱ्या रक्तवाहिन्यांत एकदम साखळी पेटवतं आणि फायब्रिनोजेन खर्च होऊन जातो. मग जखमेला लावायला काही उरत नाही. अशा रुग्णाला एएसव्ही न देता नुसता प्लाझ्मा चढवला, तर विषाला नवा माल मिळतो. आधी विष थोपवायचं. त्यानंतरही यकृताला फायब्रिनोजेन पुन्हा पुरेसा बनवायला साधारण सहा तास लागतात, म्हणून चाचणी सहा तासांनी परत. या सहा तासांत नातेवाईक ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून हुज्जत घालतील. यकृताला वेळ लागतो, हे त्यांना शांतपणे सांगायची तयारी ठेवा. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली असा एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांत घोणशीचा वाटा मोठा.

कुठल्या पायरीवर हात घालायचा, हा प्रश्न महाराष्ट्रात ज्या माणसाने सगळ्यात नेटाने विचारला ते महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. लाल विंचवाचा दंश झालेली मुलं फुप्फुसात पाणी होऊन जायची. फुप्फुस ही साखळीची शेवटची कडी. विंचवाचं विष मज्जातंतूंच्या सोडियम वाहिन्या उघड्या ठेवतं, त्यातून अ‍ॅड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि मग फुप्फुस भरतं. बावस्करांनी रक्तदाबावरची प्राझोसिन ही स्वस्त गोळी मधल्या पायरीवर, त्या आवळलेल्या रक्तवाहिन्यांवर वापरली. त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं आणि कोकणातल्या विंचूदंशाने होणारे मृत्यू पुष्कळ घटले. पुढे पद्मश्रीही मिळाली. पण मला महत्त्वाचं वाटतं ते त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या खाटेशेजारी बसून तासातासाला केलेल्या नोंदी. तक्ता तिथेच तयार होत होता.

आपला रक्त गोठण्याचा तक्ता तर पुढे बराच खोडला गेला. शरीरात सुरुवात बाराव्यापासून होत नाही. जखम झालेल्या ऊतींमधला टिश्यू फॅक्टर आणि सातवा घटक यांच्यापासून होते. मग शंका अशी की हा रस्ता मोकळा असताना हिमोफिलियाच्या रुग्णाला रक्तस्राव का व्हावा? १९७७ साली ओस्टेरुड आणि रॅपापोर्ट यांनी दाखवलं की टिश्यू फॅक्टर आणि सातवा मिळून नवव्यालाही जागं करतात. बाराव्यापासूनचा ‘आतला मार्ग’ आणि टिश्यू फॅक्टरपासूनचा ‘बाहेरचा मार्ग’ ही वाटणी परीक्षानळीपुरती सोयीची होती. त्यात लगामांची भर पडली. थ्रॉम्बिन गुठळी बनवतं, पण रक्तवाहिनीच्या निरोगी अस्तरावर गेलं की तेच थ्रॉम्बिन प्रोटीन सी जागं करून गुठळीला आवर घालतं. एकच एन्झाइम, जागा बदलली की काम उलटं.

हे कळल्यामुळे औषधं बदलली. एमिसिझुमॅब हे प्रतिपिंड सक्रिय नवव्याला आणि दहाव्याला हाताने धरून जवळ आणतं. आठव्याचं काम आठव्याशिवाय भागतं. फिटुसिरान तर लगामच सैल करतं, थ्रॉम्बिनला आवरणारं अँटिथ्रॉम्बिन कमी करून. हिमोफिलियात तुटलेला घटक भरण्याऐवजी समोरची बाजू हलकी करायची, ही कल्पना मी शिकत होतो तेव्हा परीक्षेत लिहिली असती तर शून्य मिळालं असतं. उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी जपानमध्ये शोधलेलं ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिड गुठळी विरघळायला आळा घालतं. अपघातातल्या २० हजारांहून अधिक जखमींवर त्याची पाहणी झाली. पहिल्या तीन तासांत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले, तीन तासांनंतर उलट वाढले. साखळीत शिरताना घड्याळही बघावं लागतं. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावातही हीच गोष्ट आहे, आणि तालुक्याहून जिल्ह्याच्या गावी पोचायला किती वेळ जातो, हे या सभागृहातल्या अनेकांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

आणखी एक कॅस्केड आपण डॉक्टर मंडळीच तयार करतो. त्याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड हे नाव १९९०च्या दशकात पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी दिलं. तुमच्या ओपीडीत आजोबा येतील, पिशवीत सात-आठ गोळ्यांची पाकिटं. रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन सुरू झालं. त्याने घोटे सुजले. दुसऱ्या डॉक्टरांनी सूज पाहून लघवीची गोळी दिली. त्याने युरिक अ‍ॅसिड वाढलं, अंगठा ठणकला. तिसऱ्यांनी गाउटची गोळी लिहिली आणि दुखण्यासाठी वेदनाशामक. वेदनाशामकाने रक्तदाब परत चढला, म्हणून अ‍ॅम्लोडिपिनचा डोस दुप्पट! प्रत्येक डॉक्टरचा निर्णय आपापल्या केसपेपरवर बरोबरच दिसतो. ती पिशवी टेबलावर उपडी करून ‘आजोबा, यातली पहिली कुठली सुरू झाली?’ असं विचारायला पाच मिनिटं लागतात आणि गर्दीच्या ओपीडीत तीच मिळत नाहीत. तरी विचारा. नवी गोळी लिहिण्यापेक्षा जुनी बंद करायला जास्त शिक्षण लागतं, हे माझं ठाम मत आहे. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींना ते पटणार नाही.

संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी काम भरपूर पडून आहे. बारावा घटक शरीरात नेमका कशासाठी आहे, याचं सर्वांना पटेल असं उत्तर अजून नाही. देवमासे आणि डॉल्फिन त्याच्याशिवाय खुशाल जगतात. बाराव्याचं जनुक काढून टाकलेल्या उंदरांत घातक गुठळ्या कमी होतात आणि रक्तस्राव वाढत नाही. त्यामुळे अकराव्या आणि बाराव्यावर औषधं शोधण्याची धडपड चालू आहे. रक्तस्राव न वाढवता गुठळी टाळणारं औषध म्हणजे हृदयरोग्यांसाठी मोठंच वरदान. पण त्या वाटेवरच्या अकराव्या घटकाविरुद्धच्या एका औषधाची मोठी चाचणी २०२३ साली मध्येच थांबवावी लागली, कारण हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या रुग्णांत ते जुन्या औषधाइतकं पक्षाघात टाळू शकलं नाही. तक्त्यावर सुरेख दिसलेली पायरी माणसात तशी वागली नाही.

दुसरा प्रश्न घराजवळचा आहे. आपल्याकडच्या एएसव्हीसाठी लागणारं बरंचसं विष चेन्नईजवळच्या इरुला जमातीतल्या सापपकड्यांच्या सहकारी संस्थेतून येतं. घोणशीचं विष मात्र प्रदेशाप्रदेशात बदलतं, आणि एका ठिकाणच्या विषावर बनलेलं औषध दुसरीकडे कमी पडू शकतं, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासांनी दाखवून दिलंय. विदर्भातल्या, मराठवाड्यातल्या, कोकणातल्या घोणशीचं विष दहाव्यावर किती आणि पाचव्यावर किती काम करतं? कुठल्या जिल्ह्यात एएसव्हीच्या किती कुप्या खरोखर लागतात? यासाठी परदेशी जावं लागत नाही. ग्रामीण रुग्णालयातली नीट ठेवलेली दंशांची नोंदवही, काचेच्या नळ्या, घड्याळ आणि विद्यापीठातली एक बरी प्रयोगशाळा एवढ्यावर सुरुवात होते. तुमच्यापैकी दोघा-चौघांनी हे हाती घेतलं तर कुलगुरूंनी जागा आणि निधी द्यावा, अशी विनंती मी या व्यासपीठावरूनच त्यांना करतो.