मदत करावी, मिंधे करू नये

(वस्तीतील सेवा मंडळाच्या नव्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)



गरजू कुटुंबांना साहाय्य करण्यासाठी आपण स्वयंसेवक म्हणून पुढे आलात, याबद्दल आपले अभिनंदन. परंतु काम हाती घेण्यापूर्वी माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांस सांगणे मी माझे कर्तव्य समजतो.

मी अशाच एका मंडळात काम करीत होतो. एका विधवा भगिनीच्या घरी आम्ही दरमहा धान्याची पिशवी पोचवीत असू, आणि पिशवी देताना छायाचित्रही घेत असू. एकदा ते छायाचित्र मंडळाच्या फलकावर लागले. दुसऱ्या दिवसापासून त्यांची मुलगी आमच्या सायंकाळच्या अभ्यासवर्गास येईनाशी झाली. आम्ही तिला चार घास दिले, पण तिला मान खाली घालावयास लावली.

दुसरी चूक याहून मोठी. वर्षभर आम्ही पिशव्या वाहिल्या. परंतु 'बाई, आपल्याजवळ शिधापत्रिका आहे काय?' हा साधा प्रश्न कोणी विचारला नाही. वकील असूनही मी विचारला नाही! त्यांचे नाव सासऱ्यांच्या पत्रिकेवर होते आणि त्यांच्या वाट्याचे धान्य तिकडेच जात होते.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये अंत्योदय कुटुंबास दरमहा ३५ किलो व प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे. जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य मिळते. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे शिधापत्रिकेपुरती कुटुंबप्रमुख म्हणजे घरातील अठरा वर्षांची वा त्यावरील सर्वांत वडील स्त्री होय. आम्ही अर्ज केला, तीन महिने कचेरीत खेटे घातले. स्वतःच्या नावाची पत्रिका हाती येताच त्या बाई म्हणाल्या, "वकीलसाहेब, आता पिशवी नको. ती दुसऱ्या घरी द्या."

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. त्या सभेने १९२५ साली सोलापुरास विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. समाजसेवा म्हणजे भिक्षा वाटणे नव्हे, माणूस उभा करणे होय, हा धडा आपण तेथून घ्यावा.

म्हणून दारात जाल तेव्हा प्रथम विचारा : शिधापत्रिका आहे काय? जातीचा दाखला काढला काय? मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला काय? अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्राच्या सवलतींचा हक्क १९९० सालच्या दुरुस्तीने मिळाला आहे. धर्मांतरामुळे तो गेला, असे कोणी सांगितल्यास मुकाट्याने परत फिरू नका. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा.

आज ज्या घरात चूल पेटत नाही, तेथे आजच धान्य द्या. भूक कागदाची वाट पाहत नाही. पण छायाचित्र घेऊ नका, उपकाराची भाषा बोलू नका, आणि हक्क मिळेपर्यंत ते घर सोडू नका.

त्या बाई आज आमच्या मंडळात स्वयंसेविका आहेत. कचेरीची वाट त्या इतरांना दाखवितात. त्यांची मुलगीही अभ्यासवर्गास परत आली आहे.

जयभीम!